माणकाची जुनी अंगठी : वय सोन्याचे, खड्याचे की गोष्टीचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोन्याचा भाव चढला की सराफकट्ट्यावर मोडीसाठी जुने दागिने येऊ लागतात. त्यात लाल खड्याची एखादी अंगठी हमखास असते आणि तिच्यासोबत एक गोष्टही येते. पुण्या-सांगलीकडे ती 'पेशवाईतली' असते, कोकणात 'थिबा राजाच्या माणकाची', मुंबईत 'पणजोबांनी रंगूनहून आणलेली'. दुकानात गोष्टीला वजन नसते. खडा उचकटून कागदाच्या पुडीत बांधून परत मिळतो, सोने मुशीत जाते, आणि अंगठी कधीची व कुठली हे ठरवायचा सगळा पुरावा दहा मिनिटांत नाहीसा होतो. ज्यांना अंगठी ठेवायची असते तेही आधी तिला 'चकचकीत करून द्या' म्हणतात. त्यातही तेवढेच नुकसान होते. जुन्या दागिन्यांची पारख आणि दुरुस्ती हे आमचे रोजचे काम आहे. अंगठीचे वय घरच्या घरी कुठवर काढता येते आणि कुठे थांबावे लागते, हे नीट सांगावे म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट अशी की अंगठीला एकच वय नसते. बोटाभोवतीचा वेढा, खडा बसतो तो माथा, खुद्द खडा आणि नंतरच्या दुरुस्त्या, या चौघांची वये वेगळी असू शकतात आणि बहुतेक वेळा असतातच. खडा वेढ्यापेक्षा शंभर वर्षे जुना असू शकतो, कारण आपल्याकडे दागिना मोडून खडे नव्या घडणीत बसवण्याची रीत पिढ्यान् पिढ्यांची आहे. उलटही होते : घर, म्हणजे खड्याची बैठक, जुने आणि खडा परवाचा. म्हणून आधी प्रत्येक भाग वेगळा तपासायचा, मग मूळ घडणीतला सर्वांत अलीकडचा भाग कोणता ते पाहायचे. अंगठी त्याच्याहून जुनी असू शकत नाही.

थिबा राजाची गोष्ट मुद्दाम आधी घेतो, कारण तिला पक्क्या तारखा आहेत. इंग्रजांनी बर्माची राजधानी मंडाले घेतली नोव्हेंबर १८८५ मध्ये. थिबा राजाला १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले, आज पाहायला मिळतो तो राजवाडा १९१० चा, आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा तिथेच वारला. म्हणजे त्याच्यासोबत जे माणिक आले ते १८८५ पूर्वी बर्मातल्या मोगोकच्या खाणीतून निघालेले आणि हाताने घासलेले असणार. आता दुसरी तारीख. ऑग्युस्त व्हर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्योतीत भुकटी वितळवून माणिक बनवण्याची रीत १९०२ मध्ये जाहीर केली आणि थोड्याच वर्षांत असे माणिक जगभर ढिगाने विकले जाऊ लागले. तेव्हा 'थिबाच्या खजिन्यातल्या' माणकात व्हर्नॉय पद्धतीची खूण सापडली, तर खजिन्याची गोष्ट तिथेच संपली. खूण सापडली नाही म्हणून मात्र गोष्ट खरी ठरत नाही. वयाच्या तपासात पुरावा एखादी गोष्ट नाकारायला पुरतो, सिद्ध करायला क्वचितच पुरतो.

ही खूण घरीही पाहता येते. दहा पटींचे, ट्रिप्लेट म्हणतात ते भिंग घ्या. स्वस्त भिंगात कडेला रंग फुटतात आणि सरळ रेघही वाकडी दिसते, मग सगळाच तपास चुकतो. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचे आणि अंगठी भिंगापासून अडीच सेंटिमीटरवर आणायची. दोन्ही हातांची बोटे एकमेकांना टेकवली की हात हलत नाही. प्रकाश बाजूने हवा. नैसर्गिक माणकात रंगाचे पट्टे दिसले तर ते सरळ असतात आणि कोनात मिळतात, षटकोनाच्या बाजू मिळाव्यात तसे. व्हर्नॉयच्या माणकात रेषा वक्र असतात, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा, एकीशेजारी एक. कारण सरळ आहे : वितळलेले थेंब गोलसर माथ्यावर थरावर थर साचत जातात. सोबत वायूचे बुडबुडेही दिसतात, कधी गोल, कधी शेपूट असलेले. पैलूंच्या चमकेमुळे रेषा लपतात. अंगठीची पाठ उघडी असेल, तर पारदर्शक काचेच्या कपात थोडे ग्लिसरीन ओतून खडा खाली करून बुडवा, खालून मोबाईलच्या पांढऱ्या पडद्याचा उजेड द्या आणि अंगठी हळूहळू तिरकी करत पाहा. चमक मरते आणि रेषा वर येतात. एका कोनातून दिसल्या नाहीत म्हणून सोडून देऊ नका, आम्हालाही अनेकदा पाच-सहा बाजू बदलाव्या लागतात.

पाठ बंद असेल तर मात्र द्रवात बुडवायचे नाही. आपल्याकडच्या जुन्या जडावाच्या अंगठ्यांत खड्याखाली डांक असतो, म्हणजे रंग उठावा म्हणून लावलेला चकचकीत पातळ पत्रा, आणि त्याच्या खाली लाख. पाणी आत शिरले की डांक काळा पडतो आणि तो परत उजळता येत नाही. 'आजीचा माणिक अचानक मळकट झाला' अशी तक्रार येते तेव्हा नव्वद टक्के वेळा अंगठी कुणीतरी साबणाच्या पाण्यात किंवा अल्ट्रासॉनिक यंत्रात घातलेली असते. दोष खड्याचा नसतो, त्याच्या खालच्या पत्र्याचा असतो. शिवाय डांकाच्या पाठबळावर फिका खडाही गर्द दिसतो, त्यामुळे बंद घरातल्या खड्याचा रंग आणि दर्जा घराबाहेर काढल्याशिवाय कुणी छातीठोक सांगत असेल, तर ते मनावर घेऊ नका.

व्हर्नॉयचा खडा निघाला म्हणून अंगठी खोटी ठरत नाही, हेही इथेच सांगायला हवे. १९१० ते १९४० च्या काळात युरोपातल्या उत्तम कारागिरांनी हिऱ्यांच्या रांगांमध्ये नेमक्या मापात कापलेले असे माणिक आणि नीलम उघडपणे वापरले, कारण लहान खडे एका रंगात आणि एका मापात मिळणे निसर्गात कठीण. अशा अंगठीत कृत्रिम खडा हा तिच्या काळाचा पुरावाच आहे. तो काढून 'खरा' माणिक बसवून घेणारे लोक अंगठीचे वय पुसून टाकतात. तसेच १८८५ च्या सुमारास युरोपात 'जिनिव्हा माणिक' नावाने वितळवून केलेले काही खडे विकले गेले होते. ते आपल्याकडे क्वचितच दिसतात, पण अगदी काटेकोर तारीख सांगताना ते लक्षात ठेवावे लागते.

आता सोन्याकडे येऊ. वेढ्याच्या आतल्या बाजूला ठसे असतात. ते पाहण्याआधी घासू नका. तोंडाची वाफ सोडा आणि उजेड अगदी आडवा धरा. झिजलेले ठसेही क्षणभर उठून दिसतात, तेवढ्यात मोबाईलने भिंगातून फोटो घ्या. इंग्रजी राजवटीमुळे मराठी घरांत इंग्लंडचे ठसे असलेल्या अंगठ्या बऱ्याच सापडतात आणि त्यांच्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबळ्याचे तोंड म्हणजे लंडन, गव्हाच्या तीन पेंढ्या आणि तलवार म्हणजे चेस्टर, आणि चेस्टरचे कार्यालय १९६२ मध्ये बंद झाले. इंग्लंडमध्ये १५, १२ आणि ९ कॅरटच्या सोन्याला कायद्याने परवानगी मिळाली १८५४ मध्ये. १९३२ मध्ये १५ आणि १२ कॅरट बंद होऊन त्यांच्या जागी १४ कॅरट आले. म्हणून '१५' आणि '.६२५' असा जोडठसा दिसला, तर अंगठी १८५४ ते १९३२ यांच्यामधली, हे ठशातले वर्ष दाखवणारे अक्षर न वाचताही सांगता येते. '१४' आणि '.५८५' दिसले तर १९३२ नंतरची. १८ कॅरटवर मुकुट आणि १८ असा ठसा असे. '७५०' हा आकडा १९७५ पासूनचा. राजा किंवा राणीचे मुंडके कोरलेले असेल, तर तो कर भरल्याचा ठसा. तो १८९० मध्ये बंद झाला.

सगळ्यात जास्त चुका वर्षाच्या अक्षरात होतात. बर्मिंगहॅमचे 'ए' हे अक्षर १९०० लाही आहे, १९२५ लाही आणि १९५० लाही. फरक असतो तो अक्षर लहान लिपीतले की मोठ्या, वळण कसे आणि भोवतीच्या ढालीचा आकार कोणता, यात. इंटरनेटवरचा तक्ता उघडून पहिले जुळणारे अक्षर पकडले की पंचवीस वर्षांची चूक सहज होते. शिवाय १९७५ पर्यंत हे अक्षर वर्षाच्या अधेमधे बदलत असे, त्यामुळे एका अक्षराखाली दोन कॅलेंडर वर्षे येतात. आणि ठसा सांगतो तो सोने कुठे तपासले ते, अंगठी कुठे घडली ते नव्हे. बर्मिंगहॅमचे कारागीर आपला माल तपासायला चेस्टरलाही पाठवत. खड्याच्या मुळाशी तर त्या ठशाचा काडीचाही संबंध नाही.

गोव्याकडच्या घरांत '८००' असा आकडा असलेले सोने मिळते. तो चांदीचा आकडा समजून कुणी कमी भाव लावतो. सोन्यावर तो पोर्तुगालच्या १९.२ कॅरटच्या मापाचा असतो. फ्रेंच अंगठीवर अगदी बारीक गरुडाचे डोके असते. ते १८३८ पासूनचे आणि १८ कॅरट किंवा त्याहून चोख सोन्याचे. ते वेढ्याच्या आत नसून बाहेरच्या खांद्यावर, म्हणजे वेढा माथ्याला मिळतो तिथे, असू शकते, म्हणून बाहेरूनही भिंग फिरवा.

आपल्या इथल्या घडणीवर मात्र जुन्या काळी सरकारी ठसा नसेच. फार तर सोनाराची आद्याक्षरे. इथे कायद्याचा इतिहास थोडा उपयोगी पडतो. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली. ती अट १९६६ मध्ये उठली, १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा झाला, आणि तो १९९० मध्ये रद्द झाला. देशी घडणीची, देशी धाटणीची अंगठी १४ कॅरटची निघाली तर ही तीन-चार वर्षे डोळ्यासमोर आणावीत. पण तेवढ्यावर शिक्का मारू नये, कारण हिऱ्याच्या कामाला १४ आणि १८ कॅरट नंतरही वापरले गेले, आणि बंदीच्या काळातही सगळे सोनार १४ कॅरटवर आले नव्हते. 'केडीएम' असा ठसा म्हणजे डाखात, सोने जोडायच्या मिश्रधातूत, कॅडमियम. ही लाट हॉलमार्कच्या आधीच्या दशकांतली. भारतीय मानक ब्युरोचे हॉलमार्क सोन्यासाठी २००० पासून सुरू झाले. सुरुवातीच्या पाच खुणांत वर्षाचेही अक्षर असे, 'ए' म्हणजे २०००, 'बी' म्हणजे २००१, याप्रमाणे. २०१७ पासून वर्षाचे अक्षर गेले आणि २०२१ च्या जुलैपासून एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा सहा अंक-अक्षरांचा क्रमांक, आला. तरीही एक खोच आहे : जुना दागिना आज नोंदणीकृत सराफामार्फत हॉलमार्क करून घेता येतो. म्हणजे एचयूआयडी असलेली अंगठी आजीच्या काळातली असू शकते. ठशाची तारीख ही ठसा मारल्याची तारीख असते. आणि कुंदन, पोलकी, जडाव या कामांना हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे त्यांच्यावर ठसा नाही म्हणून ती जुनी असा अर्थ काढू नये.

दुकानात सोन्याचा कस आता एक्स-रे यंत्रावर मिनिटभरात दिसतो. यंत्र चांगले आहे, पण ते सोन्याचा वरचा काही मायक्रॉनचाच थर वाचते. पांढऱ्या सोन्यावर ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असेल तर आकडा भलताच येतो. म्हणून एका जागी पाहून थांबू नका : वेढ्याच्या तळाशी, खांद्याजवळ आणि माथ्याच्या बाजूला असे तीन वेगवेगळे वाचन मागा. वेढा १५ कॅरट आणि माथा १८ असे निघाले, तर दोन अंगठ्या एकत्र आल्या आहेत. जुना ठसा असलेला वेढा घेऊन त्यावर नवा माथा डाखायचा, ही फसवणुकीची जुनी युक्ती आहे. प्रामाणिक कारणानेही हे घडते, वेढा झिजून तुटला की नवा लावतात. दोन्ही वेळा खूण एकच : खांद्याजवळ, दोन्ही बाजूंना, सारख्याच उंचीवर डाखाची रेघ.

माप वाढवल्याची किंवा कमी केल्याची रेघ वेढ्याच्या तळाशी असते. ती डोळ्याला दिसत नाही, पण वाफ सोडली की डाखाचा रंग क्षणभर वेगळा दिसतो. त्या जागी जाडीतही किंचित पायरी असते. ठसा अर्ध्यातच संपत असेल, तर तुकडा कापून अंगठी लहान केली आहे आणि हरवलेल्या अर्ध्या ठशात बहुधा वर्षाचे अक्षरच होते. आमच्या मते माप बदलताना ठशाच्या विरुद्ध बाजूने कापणे हा सोनाराचा धर्म आहे. ग्राहकाने तसे आधीच बजावून सांगावे.

घडण वाचायला थोडा सराव लागतो. हातघडणीच्या माथ्याला मागून पाहिले की करवतीने कापलेली जाळी दिसते, भोकांच्या आतल्या भिंतीवर करवतीच्या आणि कानशीच्या बारीक रेघा असतात, आणि दोन भोके तंतोतंत सारखी नसतात. ओतकामात आतले कोपरे गोलसर, भिंती गुळगुळीत, आणि कुठे कुठे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. रबरी साच्यातून मेण काढून ओतण्याची पद्धत दागिन्यांच्या धंद्यात दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रुळली. म्हणून 'व्हिक्टोरियन' म्हणून विकली जाणारी अंगठी सबंध ओतीव निघाली, तर ती बहुधा व्हिक्टोरियन नमुन्याची आहे, व्हिक्टोरियन काळातली नाही. आतल्या बाजूला अगदी एकसारख्या, समांतर पायऱ्या दिसल्या, तर संगणकावर काढून थरांनी छापलेले मेण, म्हणजे या शतकातले काम.

देशी कुंदनाच्या बाबतीत मात्र ही युक्ती चालत नाही. चोख सोन्याचे पातळ पत्रे थंडच दाबून खड्याभोवती बसवायचे, ही रीत पेशवाईत होती, मोगलाईत होती आणि आजही तशीच चालते. तंत्रावरून तारीख निघत नाही. तिथे झीज आणि खडा या दोनच साक्षी. नख्यांनी उघडा धरलेला खडा ही धाटणी मात्र युरोपातून आलेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती तिकडे फोफावली. तेव्हा उंच नख्यांतल्या माणकाला पेशवाईतला म्हणणे सोडून द्यावे. खडा तेवढा जुना असेलही, घर नाही.

झीज कुठे असावी हेही ठरलेले असते. रोज वापरलेल्या अंगठीचा वेढा तळहाताच्या बाजूला पातळ होतो, नख्यांची टोके चपटी होतात, शेजारच्या बोटाला घासणाऱ्या कडा गुळगुळीत होतात. काच किंवा झिरकॉनच्या पैलूंच्या धारा फाटलेल्या दिसतात, माणकाच्या थोड्याच, हिऱ्याच्या जवळजवळ नाहीतच. 'शंभर वर्षे वापरलेल्या' अंगठीत वेढा तळाशी आणि वर सारखाच जाड असेल आणि खोबणींत सगळीकडे एकाच छटेचा काळा रंग असेल, तर तो रसायनाने भरलेला काळेपणा. खरा मळ कमी-जास्त असतो आणि त्यात कपड्याचे धागे, साबण, कधी हळदही सापडते. याचसाठी तपासाआधी अंगठी धुऊ नका म्हणतो.

माणकाभोवती बारीक हिरे असतील तर तारखेसाठी मधल्या खड्यापेक्षा तेच जास्त उपयोगी, कारण त्यांच्याकडे कुणाचे लक्ष नसते. वरून पाहिल्यावर हिऱ्याच्या मधोमध छोटे वर्तुळ दिसते का पाहा. ते म्हणजे तळाचे टोक सपाट ठेवलेले. चौकटीसारखा गोलसर आकार, वरचा सपाट पैलू लहान, अंग उंच आणि मधले वर्तुळ हा एकोणिसाव्या शतकाचा घाट. तोच पूर्ण गोल झाला की १८७० च्या दशकापासून यंत्राने गोल करू लागल्यानंतरचा. मार्सेल टोल्कोव्स्की या बेल्जियन अभियंत्याने हिऱ्याच्या आधुनिक घाटाचे गणित १९१९ मध्ये मांडले, पण जुने घाट पुढेही काही दशके चालू राहिले. आणि दीड मिलिमीटरचे ते बारीक हिरे? जुन्या अंगठ्यांत त्यांना वर आठ आणि खाली आठ असेच पैलू असतात. इतक्या बारीक हिऱ्यांना सत्तावन्न पैलू पाडणे स्वस्तात शक्य झाले ते सुरतेचा धंदा फोफावल्यावर, १९६० आणि ७० च्या दशकांत. तेव्हा '१९२० ची' म्हणून आलेल्या अंगठीत सगळे बारीक हिरे सत्तावन्न पैलूंचे आणि एकसारखे निघाले, तर आम्ही बाकी काही पाहण्याआधीच सावध होतो. हिरा नसून क्यूबिक झिरकोनिया हा हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा असेल तर १९७६ नंतरचाच. धातूबद्दलही थोडे : १९०० च्या आधी हिऱ्यांना पांढरे घर हवे असेल तर सोन्यावर चांदी लावत. त्यानंतर प्लॅटिनमचा माथा आला, पांढरे सोने पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे, आणि ऱ्होडियमचा मुलामा १९३० च्या दशकात.

खडा कुठला, हा प्रश्न सर्वांत अवघड आणि पैशाच्या दृष्टीने सर्वांत मोठा. आधी तो माणिकच आहे ना, ते पाहा. मोगोकच्या खाणींत माणकासोबत लाल स्पिनेल हे वेगळे खनिज निघते आणि शतकानुशतके दोन्ही एकाच नावाने विकली गेली. ब्रिटिश राजमुकुटातला 'ब्लॅक प्रिन्सचा माणिक'सुद्धा स्पिनेलच आहे. डायक्रोस्कोप नावाच्या बोटाएवढ्या नळीतून पाहिले तर माणिक दोन छटा दाखवतो, एक जांभळट लाल आणि एक नारिंगी लाल. स्पिनेल आणि गार्नेट एकच छटा दाखवतात. गार्नेटला छोटे निओडिमियम चुंबक बऱ्यापैकी ओढते.

पुढचे पाऊल अतिनील टॉर्चचे. अंधारात बर्माचा माणिक निखाऱ्यासारखा लाल पेटतो, कारण त्यात लोह कमी. थायलंडच्या माणकात लोह जास्त, तो जवळजवळ विझलेला राहतो. बाजारात एवढ्यावर 'बर्मा' म्हणून सांगणारे भेटतात. पण व्हर्नॉयचा कृत्रिम माणिक बर्माहूनही जास्त पेटतो! टॉर्च पाहून भाव ठरवणाऱ्या माणसाला आधी वक्र रेषा पाहिल्यात का, एवढे विचारा.

'बर्मा' म्हणजे जुना, हाही एक गैरसमज. मोंग शू ही बर्मातलीच खाण, पण तिचा माल बाजारात आला १९९२ च्या सुमारास. मधे निळसर गाभा असलेले ते खडे जवळजवळ सगळे भट्टीत तापवून विकले जातात. मोझांबिकची माँटेप्वेझची खाण २००९ ची. शिशाची काच भरलेले माणिक २००४ च्या आसपास आले. त्यांच्या भेगांत निळी-नारिंगी झळक आणि चपटे बुडबुडे दिसतात. यांतले काहीही तुमच्या पणजोबांच्या अंगठीत असेल, तर खडा नंतर बदललेला आहे. काच भरलेला खडा सोनाराच्या ज्योतीत किंवा उजळण्याच्या आम्लात गेला की काच खाल्ली जाते आणि खडा जाळी पडल्यासारखा दिसतो. अशा वेळी सोनार आणि ग्राहक एकमेकांना चोर ठरवतात. दुरुस्तीआधी दहा पटींच्या भिंगाने एक नजर टाकली असती, तर वाद टळला असता.

मुळाबद्दल लेखी मत हवे तर प्रयोगशाळा लागते. जेम टेस्टिंग लॅबोरेटरी या नावाने १९७२ मध्ये सुरू झालेली प्रयोगशाळा जयपुरात आहे, मुंबईतही प्रयोगशाळा आहेत. त्या आतल्या खुणा, सूक्ष्म मूलद्रव्यांचे प्रमाण आणि प्रकाशाचे वर्णपट पाहून खाणीचा प्रदेश सांगतात, आणि प्रमाणपत्रावर ते 'मत' म्हणूनच लिहितात. तापवला आहे की नाही हेही सांगतात. त्याची किंमत मुळाइतकीच, कधी जास्तच. मात्र प्रयोगशाळा खडा तपासते, अंगठीचे वय लिहून देत नाही. बंद घरातल्या खड्यावर तर बऱ्याच तपासण्या होतच नाहीत. त्यासाठी खडा काढायचा की नाही हा निर्णय घाईने घेऊ नका. साधा खडा निघाला, तर अखंड जुन्या घडणीचे मोल त्याच्याहून जास्त होते, हे उशिरा कळते.

अंगठी कुणाच्याही हाती देण्याआधी खड्याची लांबी, रुंदी आणि दिसत असेल तर खोली डिजिटल कॅलिपरने दशांश मिलिमीटरपर्यंत मोजून ठेवा. लंबगोल पैलूदार माणकाचे अंदाजे कॅरट काढायचे तर लांबी-रुंदीच्या सरासरीचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले ४, गुणिले ०.००२. सात मिलिमीटर लांब, पाच रुंद, तीन खोल खडा साधारण ०.८६ कॅरटचा येतो. परत मिळालेल्या पुडीतला खडा सुटा तोलला आणि त्यात मोठा फरक निघाला, तर विचारायला तुमच्याकडे आकडा असतो. खड्यातली एखादी ठळक भेग किंवा ठिपका भिंगातून टिपून ठेवला तर त्याहून बरे, कारण वजन जुळवता येते, भेग जुळवता येत नाही.

सराफ बांधवांना आमची एवढीच विनंती आहे की मोडीच्या पावतीवर सोन्याचे वजन आणि कस यांच्यासोबत खड्यासाठी एक ओळ ठेवावी : माप, रंग, घर बंद की उघडे, ठसा कोणता. आणि वेढ्याच्या आतला फोटो ग्राहकाच्या मोबाईलवर घेऊ द्यावा, अंगठी मुशीत जाण्याआधी.

आपले,
जुन्या दागिन्यांची पारख व दुरुस्ती करणारे काही जण, पुणे